जज्जसाहेबांचा डावा गाल

अलाबामातल्या मर्सर ब्लफ गावात आल्डन हॅस्केल यांची दाढी तीस वर्षं एकाच माणसानं केली, बालमित्र व्हर्जिल स्ट्राउडनं. हॅस्केल म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतल्या मिस्त्रीचं पोर; ते वकील झालं, मग थेट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं संघराज्याचं जज्ज झालं. नेमणूक तहहयात. गावानं डोक्यावर घेतलं होतं.

१९६२च्या ऑगस्टात त्याच गावानं त्यांना खाली आपटलं. सात वर्षांची काळी मुलगी, ओडेसा प्रूइट, गोऱ्यांच्या शाळेत बसणार की नाही, याचा निकाल दहा वाजता होता. त्या सकाळी व्हर्जिलच्या दुकानात उजवा गाल झाला आणि त्याचा हात थांबला.

"घालणारेस ना तिला शाळेत?"

"दहाला कळेल."

"तुझ्या तोंडावरच लिहिलंय! मग उरलेली तिच्या बापाकडून करून घे."

हॅस्केल फेस पुसून तसेच उठले. कोर्टात शिपाई कुजबुजला, "जज्जसाहेब, आत वस्तरा आहे."

"राहू दे. ज्यानं सुरू केली, तोच पुरी करेल."

सगळं कोर्ट उठून उभं राहिलं. अर्ध्या दाढीनिशी त्यांनी निकाल वाचला: सोमवार, दहा सप्टेंबरला ओडेसा शाळेत जाईल.

चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. माशांच्या जेवणाची आमंत्रणं बंद झाली. म्हातारा मात्र एक नंबरचा हट्टी! रोज सकाळी घरी उजवा गाल गुळगुळीत करायचा, डाव्याला हात लावायचा नाही.

"लोक हसतायत रे," बायको लेनोरा रडकुंडीला आली.

"हसू देत. का हसतोय, ते आधी आठवावं लागेल त्यांना."

आणि कोर्टात पायी जायचे ते व्हर्जिलच्या दुकानासमोरून, डावा गाल काचेकडे करून. शेवटी व्हर्जिलच बाहेर धावला.

"गावभर माझं अर्धवट काम मिरवतोयस! गिऱ्हाइकं मला हसतायत. ये आत, उरकतो."

"आज नाही. सोमवारी. ती पोर शाळेत गेली की."

सोमवारी तिला जमावाचे दगडही बसले, अंगावर थुंकीही पडली. ओडेसा आत गेली. हॅस्केलनी ते रस्त्यापलीकडे उभं राहून पाहिलं. मग ते दुकानात येऊन खुर्चीत बसले. व्हर्जिलनं फेस लावला, वस्तरा उघडला.

"उद्याही ती जाणार आहे, व्हर्जिल," हॅस्केल म्हणाले. "हे ऐकून घे, मग लाव वस्तरा."

आणि त्यांनी मान मागे टाकून गळा त्याच्यापुढे केला.