विशाखाचा लॅपटॉप आणि करुणाची भूमिती

विशाखा साळवेची नजर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पार गेली. त्याआधी दोन-तीन वर्षं ती हळूहळू विझतच होती, म्हणून तोवर विशाखा ब्रेल शिकून बसली होती. आई गेल्यावर मुकुंदवाडीतल्या घरात ती आणि वडील राजकुमार एवढेच राहिले. राजकुमार वाळूजच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होते, आता रिटायर. विशाखा सकाळी एका पतपेढीत फोन सांभाळायची आणि दुपारनंतर घरी ब्रेल पुस्तकं छापायची. पुढच्या खोलीत सोफ्याच्या जागी तिचं ते यंत्र होतं. जाड कागदावर ठिपके ठोकणारं, एका संस्थेनं मोडीत काढलेलं. ते चालू झालं की शेजारच्या लक्ष्मीबाईंना टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. पण लक्ष्मीबाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

जानेवारीत वीज कमीजास्त झाली आणि विशाखाचा जुना कॉम्प्युटर जळाला. पुण्याच्या भावानं, ऋतुराजनं, आठवड्याच्या आत नवाकोरा लॅपटॉप धाडला. हलका, सडपातळ. विशाखानं त्याच्यावर हात फिरवला आणि हसून म्हणाली, "पप्पा, हा तर ताटापेक्षा पातळ हाय!"

तो आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. लॅपटॉपमध्ये होती विंडोजची नवी अकरावी आवृत्ती. यंत्राला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा प्रोग्राम तिच्यावर चालेना. यंत्र बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळं नवा प्रोग्राम कुणी करणारही नव्हतं. विशाखानं वायर काढून घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला. यंत्र काही हूं की चूं करीना.

एरवी ती थांबली असती. पण सोयगावहून करुणाचा रोज फोन येत होता. करुणा गवई, लग्नानंतर डोळे गेलेली, विशाखाकडून ब्रेल शिकलेली बाई, बाहेरून दहावीला बसणार होती. बाकीचे विषय तिनं ऐकून ऐकून केले होते. घोडं अडलं होतं भूमितीपाशी.

"ताई, नवरा वाचून दाखवतो की, त्रिकोण एबीसीमध्ये लंब एडी," करुणा म्हणायची. "पण तो लंब हाय कुठं? माझ्या डोक्यात नुसती अक्षरं फिरतात. त्रिकोण कानानं कळत नाय हो."

तिला आकृत्या हव्या होत्या, बोटाखाली उमटलेल्या. आणि परीक्षा तोंडावर आली होती.

विशाखा लॅपटॉप घेऊन औरंगपुऱ्यातल्या दुकानात गेली आणि जळालेल्या कॉम्प्युटरवर होती ती जुनी, दहावी आवृत्ती त्यात टाकून मागितली. दुकानदार भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, लोक जुन्याचं नवं करून मागतात. तुम्ही नव्याचं जुनं करताय. आणि जुन्या आवृत्तीला आता कंपनीकडून काही मिळत नाही, सुरक्षेचं अपडेटसुद्धा नाही. माझ्या हातून नवी वस्तू बिघडली तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"मी हा इंटरनेटला जोडणारच नाही," विशाखा म्हणाली. "फक्त छपाईला ठेवणार."

तरी त्याचं मन होईना. विशाखानं त्याला दोष दिला नाही. रिक्षात बसल्या बसल्या तिनं नांदेडच्या अतुलला फोन लावला. अतुल तिच्याबरोबर ब्रेल शिकलेला, तोही अंधच, आणि कॉम्प्युटरच्या कामात मुरलेला.

"तूच टाक की जुनी," अतुल म्हणाला. "फक्त एक गोष्ट. आपल्याला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज विंडोज पूर्ण बसल्यावरच बोलतो. तोपर्यंत स्क्रीन मुकी. डोळस माणूस लागंल शेजारी. इंग्रजी वाचणारा."

विशाखाकडं डोळस माणूस एकच होता. राजकुमार सातवी शिकलेले. त्यांची इंग्रजी प्रेसच्या पाटीवरची: मोठ्या लिपीतले स्टॉप, रीसेट, डेंजर.

"मला एकेक अक्षर येतं, बाई," ते म्हणाले. "शब्द जुळवायचं तू बघ."

"मग झालं तर!"

रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघं बसले. विशाखानं आधीच दोन पेनड्राइव्ह तयार केले होते. एकात जुनी दहावी आवृत्ती, दुसऱ्यात लॅपटॉपची मूळची अकरावी. बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून. लॅपटॉप सुरू करताना ती वरच्या ओळीतलं बटण टकटक दाबत राहिली.

"आलं काहीतरी," राजकुमार पुढं सरकले. "यू, यस, बी."

"तोच आपला पेनड्राइव्ह. निवडायची पट्टी त्याच्यावर हाय का?"

"नाय, वरच्यावर हाय." विशाखानं खालचा बाण दाबला. "आता आली."

विशाखानं एंटर दाबलं. पुढं एकेक पान येत गेलं. मोठी अक्षरं राजकुमार धडाधड वाचत. लहान अक्षरांपाशी अडखळत. "ह्याचं पोट उजवीकडं हाय... बी म्हणायचं का डी?" विशाखा हसायची, अक्षरं जुळवायची, बटण दाबायची. कुठं बाण, कुठं टॅब, कुठं एंटर, हे अतुलकडून तिनं पाठ करून घेतलं होतं.

मग ते पान आलं, जिथं विंडोज कुठल्या डिस्कवर बसवायची ते विचारतात.

"काय लिहिलंय, पप्पा?"

"काहीच नाय. चौकट मोकळी हाय." राजकुमारांचा आवाज उतरला. "बाई, आपण मोडलं का काय?"

नवा लॅपटॉप, भावानं हौसेनं दिलेला. विशाखानं अतुलला फोन लावला. असं त्याच्याकडं कधी झालं नव्हतं. "पण डिस्क जाईल कुठं?" तो म्हणाला. "मधी कुणीतरी दार अडवून उभं असंल."

हे वाक्य विशाखाच्या डोक्यात रुतलं. सकाळी अकरावी आवृत्ती ह्याच डिस्कवरून सुरू झाली होती. म्हणजे डिस्क धडधाकट होती. दहाव्या आवृत्तीला, ह्या जुन्या पाहुण्याला, ती दिसत नव्हती, एवढंच. तिनं मोबाइल कानाशी धरला, शोधलं, ऐकलं, पुन्हा शोधलं. तिच्यासारखेच अडलेले लोक जगभर होते. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कच्या वाटेवर एक दरवान बसवलेला असतो, जुन्या विंडोजला त्याची ओळख नसते. त्याचं नाव व्हीएमडी.

"पप्पा, आता मशीनच्या आतल्या सेटिंगात जायचं. सगळं वाचा. काही सोडू नका."

राजकुमारांनी चष्मा पुसला. पान संपलं की दुसरं पान, मग तिसरं. लक्ष्मीबाई कोथिंबीर मागायला आल्या आणि तोंडावर बोट ठेवून परत गेल्या. आणि मग राजकुमार एकदम थांबले.

"व्ही. एम. डी. त्याच्या म्होरं ई, एन, ए..."

"एनेबल्ड! बंद करायचंय ते!"

"थांब." त्यांनी तिचा हात धरला. "प्रेसवर मी न समजता कधी बटण दाबलं नाय. तुला समजलंय का?"

"समजलंय, पप्पा."

"मग दाब."

या वेळी चौकट मोकळी नव्हती. राजकुमारांनी डिस्कचं नाव असं वाचलं, जसं गुणवत्ता यादीत पोरीचं नाव वाचतायत. विशाखानं डिस्कवरचं सगळं पुसलं, मोकळ्या जागेवर दहावी आवृत्ती बसायला लागली. पट्टी पुढं सरकत होती आणि राजकुमार क्रिकेटचा धावफलक सांगावा तसे आकडे सांगत होते. लॅपटॉप बंद झाला, परत सुरू झाला. विशाखानं आवाज चालू करणारी तीन बटणं एकत्र दाबली.

आणि स्पीकरमधून तो यांत्रिक, सपाट, इंग्रजी आवाज बोलला.

"बोलली! पप्पा, बोलली!" विशाखा उठून उभी राहिली. तिथून पुढं तिला कुणाच्या डोळ्यांची गरज नव्हती. यंत्राचा जुना प्रोग्राम तिनं स्वतः घातला, वायर जोडली, आणि भूमितीची पहिली आकृती पाठवली. यंत्र क्षणभर गुरगुरलं आणि खाडखाड सुरू झालं. भिंतीपलीकडून लक्ष्मीबाई ओरडल्या, "झालं गं बाई चालू!" त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, बंदच केला आणि बघायला आल्या.

करुणा नवऱ्याबरोबर एसटीनं आली. विशाखानं ताजा छापलेला कागद तिच्यापुढं ठेवला. करुणाची बोटं त्रिकोणाच्या कडेनं चढली, टोकाला पोचली, थांबली, आणि तिथून ठिपक्यांच्या सरळ रेषेनं खाली घसरली.

"हा लंब व्हय?" ती म्हणाली. "एवढाच? सरळ खाली पडतो!" मग तिनं बोट न उचलता सगळी सिद्धता घडाघडा म्हणून दाखवली. नवरा पुस्तक उघडून ताडून बघत होता. कुठं चुकलं नव्हतं.

मार्चमध्ये करुणा परीक्षेला बसली. निकालाच्या दिवशी सोयगावहून फोन आला तेव्हा आवाजाआधी हलगीच ऐकू आली. करुणा पास झाली होती, भूमितीतसुद्धा.

"ताई," ती गोंगाटातून ओरडत होती, "अकरावीची पुस्तकं कधी छापायला घेताय?"

विशाखानं वडिलांना जाड कागदाचा नवा गठ्ठा खाली काढायला सांगितलं.