एकतीस भेटी

"मॅडम, काल तुम्ही वर्गात आलात, फार बरं वाटलं," असं म्हणून हेमा टिपणीसने गाजराच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवला.

मंदाकिनीबाई रिसबुडांनी फायलीतून मान वर काढली. "कुणाच्या वर्गात?"

"माझ्या. साडेअकराच्या तासाला. शेवटच्या बाकावर बसला होतात की! आणि नंतर बाहेर म्हणालात, 'विषयावर पकड आहे, मुलं तुमचं ऐकतात.' मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं."

हेमा वनस्पतिशास्त्र शिकवायची. नोकरी कायम व्हायची होती, त्यामुळे कुणी चांगलं म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. मंदाकिनीबाई तिला 'ती मी नव्हते' असं सांगणार होत्या. काल साडेअकराला त्या याच खुर्चीत बसून लिहीत होत्या. पण तेवढ्यात फोन वाजला, हेमा हात हलवून निघून गेली, आणि डबा तसाच राहिला.

ही गोष्ट १९९९च्या जानेवारीतली. मंदाकिनीबाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. एकोणीस वर्षं पुण्यातल्या विद्यापीठात त्यांनी इतिहास शिकवला, आणि मग त्यांना 'अध्यापन सल्लागार' करण्यात आलं. काम साधं होतं. ज्या प्राध्यापकाला शिकवताना अडचण येते, त्याच्या वर्गात जाऊन मागे बसायचं, पाहायचं, आणि नंतर चहा पिता पिता एखादी गोष्ट सुचवायची. एकच, दोन नाही. कुणाला त्या म्हणत, "फळ्याशी बोलू नका, तो पास झालेला आहे." कुणाला म्हणत, "प्रश्न विचारल्यावर दहा आकडे मोजा, मग उत्तर द्या." लोक हसत आणि तसं करत. कारण बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना शब्द दिला होता, की वर्गात पाहिलेलं कुठल्याही फायलीत जाणार नाही.

पुढे त्या कक्षाच्या प्रमुख झाल्या आणि खुर्चीत अडकल्या. तक्ते, माहितीपत्रकं, बैठकांची इतिवृत्तं. दारात कुणी आलं की "पुढच्या आठवड्यात या हं" हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. त्यात मार्चमध्ये मूल्यांकन समिती येणार होती. उपकुलसचिव शरच्चंद्र देवस्थळींनी चाळीस प्राध्यापकांची यादी पाठवली: प्रत्येकाच्या वर्गाला भेट, आणि प्रत्येकावर दोन ओळींचा गोपनीय शेरा.

"शब्द दिलाय हो मी," बाई म्हणाल्या होत्या.

"शब्द आपण ठेवा, रिसबूडबाई," देवस्थळी म्हणाले. "आम्हाला फक्त शेरे द्या."

वर्गांना जायला वेळ कुठला? जेमतेम सात वर्ग पाहून झाले. उरलेल्यांचे शेरे बाई कानावर आलेल्या गोष्टींवरून, मुलांच्या तक्रारींवरून, जुन्या आठवणींवरून लिहीत होत्या. रोज एक-दोन. आपल्या खुर्चीत बसून, दार लावून.

हेमानंतर इंग्रजीचे एक जण जिन्यात भेटले आणि भेटीबद्दल आभार मानून गेले. मग भूगोलातल्या बाईंचा फोन आला. मंदाकिनीबाईंनी घरी हा विषय काढला. शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या जागेत त्यांचे यजमान श्रीनिवासराव सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी पुन्हा वाचत होते.

"अहो, लोकांना मी जिथे नसते तिथे दिसतेय."

"चष्मा कुणाचा बदलायचा ते ठरव," श्रीनिवासराव पेपरातून मान वर न काढताच म्हणाले. "त्यांचा की तुझा."

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

दुपारचे बारा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. सोनबा शिपाई चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

"बाई, तुमी हितंच?"

"मग कुठे असणार?"

"आत्ता तर जिन्यानं खाली गेल्या ना तुमी! म्या बाजूला सरून वाट दिली. नमस्कार केला, तर मान बी हालवली न्हाई. तवाच म्हनलं, बाईंचं काय बिनसलंय."

"दुसरं कुणी असेल, सोनबा."

"तेवीस वरसं वळखतोय तुमास्नी," सोनबा हळूच म्हणाला. त्याने चहा टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो पाठ न वळवता बाहेर गेला. त्या दिवसापासून तो आत येण्याआधी बाहेरून हाक मारू लागला, आणि ओ आली की मगच दार ढकलू लागला.

बाईंनी समोर पाहिलं. अर्थशास्त्राच्या जयसिंग साखरेवरचा शेरा अर्धा लिहून झाला होता. शाई अजून ओली होती. त्यांनी तो पूर्ण केला, पाकीट चिकटवलं आणि वर पाठवून दिलं.

महिनाअखेरीस वर्गभेटींची पत्रकं परत आली. नियम असा, की भेट झाल्यावर प्राध्यापकाने पत्रकावर तारीख, वेळ आणि सही घालायची, खाली सल्लागाराची सही. चाळीसपैकी सात खरी होती. दोघे रजेवर होते, त्यांची कोरी. उरलेल्या एकतीस पत्रकांवरही प्राध्यापकांच्या सह्या होत्या. सल्लागाराची जागा तेवढी रिकामी होती.

देवस्थळींचा माणूस बाहेर उभा होता. बाईंनी पेन उचललं. त्यांनी स्वतःला सांगितलं, की लोक म्हणताहेत ना मी आले होते? मग? एकतीस सह्या करायला चार मिनिटं लागली. शेवटची सही झाली तेव्हा बोटं बर्फासारखी गार पडली होती. त्या कितीतरी वेळ हात उन्हात धरून खिडकीशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जयसिंग साखरे आला.

हिंजवडीच्या शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा. त्याच्या घराण्यात कॉलेज पाहणारा पहिलाच. गेल्या चार महिन्यांत तो तीनदा बाईंच्या दारात आला होता, आणि तीनदा 'पुढच्या आठवड्यात' ऐकून परतला होता. आज तो बसलाच नाही. त्याने एक कागद पुढे ठेवला.

"राजीनामा आहे, मॅडम. वर देण्याआधी तुम्हाला दाखवावा म्हटलं. तुमचे आभार. खरं तोंडावर सांगणारं दुसरं कुणी भेटलं नाही."

"मी काय सांगितलं तुम्हाला?"

"विसरलात?" तो कसाबसा हसला. "तास संपल्यावर वऱ्हांड्यात. 'अभ्यास पुष्कळ आहे, पण शिकवणं यांच्याकडून होणार नाही.' मी समोर उभा, आणि तुम्ही 'यांच्याकडून' म्हणालात. जणू मी तिथे नव्हतोच."

ते वाक्य बाईंचंच होतं. अक्षर न् अक्षर. त्या ते कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. फक्त गोपनीय शेऱ्यात लिहून पाकीट चिकटवलं होतं. ते लिहीत असतानाच सोनबा चहा घेऊन आला होता.

हेमाचं वाक्यही आठवलं. विषयावर पकड आहे, मुलं ऐकतात. तेही शेऱ्यातलंच. त्यांनी न पाहिलेल्या वर्गाबद्दल जे जे लिहिलं, ते ते कुणीतरी त्यांचा चेहरा लावून, त्याच वेळी, त्या त्या माणसाच्या कानापर्यंत नेऊन पोहोचवलं होतं.

"हा कागद गुरुवारपर्यंत देऊ नका," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "गुरुवारी मी तुमच्या वर्गात येते."

"परत?"

"हो. म्हणजे... येते."

गुरुवारी तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. वऱ्हांडा रिकामा होता. बाई मागच्या दाराशी आल्या आणि दाराच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं.

शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक बाई पाठमोरी बसली होती. पांढरट अंबाडा. डावा खांदा किंचित खाली, संधिवातामुळे मंदाकिनीबाईंचा असतो तसाच. अंगावर त्यांची बारीक काठाची हिरवी साडी, जी या क्षणी शनिवार पेठेत कपाटात घडी घालून ठेवलेली होती. मान खाली घालून ती लिहीत होती.

पळून जावं असं वाटलं. पाय वळलेही. पण आतून जयसिंगचा आवाज येत होता, अडखळणारा, आणि बाईंना वाटलं, आता आपण गेलो तर हा मुलगा उद्या नोकरी सोडून गावी जाईल आणि जन्मभर ते वाक्य खरं समजून वागवील. त्यांनी दार ढकललं.

जयसिंगने पाहिलं. त्याची नजर दारावर आली, बाकावर गेली, परत दारावर आली. हातातला खडू खाली पडला. मुलं मागे वळली. पुढच्या बाकावरची एक मुलगी "अगं आई" म्हणाली आणि तिने तोंडावर हात धरला.

"चालू द्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि बाकापाशी गेल्या.

ती सरकली. बसायला जागा देताना माणूस सरकतो तशी, वीतभर. वर पाहिलं नाही. बाई तिच्या शेजारी बसल्या. त्या बाजूचा दंड बधिर होत गेला. पेनाचा आवाज येत होता, सारखा, न थांबता. वर्गात काय चाललंय याच्याशी त्या लिहिण्याचा काही संबंध नव्हता. तिला पाहायची गरजच नव्हती.

बाईंनी मान तिकडे वळवली नाही. त्या समोर पाहत राहिल्या. पन्नास मिनिटं त्यांनी जयसिंगकडे पाहिलं, कित्येक वर्षांत कुणाकडे पाहिलं नव्हतं तसं.

सुरुवातीला तो कागदावरून वाचत होता. प्रत्येक ण आणि ळ जिभेवर तोलून, चुकेल या भीतीने. वाक्यं पुस्तकी आणि मेलेली. मग एका मुलाने विचारलं, "सर, गेल्या वर्षीपेक्षा जमिनीची किंमत दसपट होते ती कशी? जमीन तर तीच." जयसिंग, भीतीनेच की काय, कागद विसरला.

"तीच हाय ना! आमच्या चुलत्याचं रान घ्या. काल त्यात ज्वारी व्हती. आज शेजारी कंपनीची भिंत उठली. रानानं काय केलं? काय न्हाई. पण घेणारा बदलला..."

वर्ग पुढे झुकला. मुलं हसली, प्रश्न आले, तो फळ्यावर भराभरा रेघा ओढू लागला. मध्येच त्याच्या लक्षात आलं आपण कसं बोलतोय ते, आणि तो लाल झाला. पण मुलं थांबू देईनात.

पेनाचा आवाज केव्हा थांबला ते बाईंना कळलं नाही. घंटा झाली तेव्हा त्यांनी शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी तिथे तळवा टेकवला. लाकूड कोमट होतं.

मुलं गेल्यावर जयसिंग तिथेच उभा राहिला. "मॅडम, ती..."

"ते वाक्य माझं होतं," बाई म्हणाल्या. "तुमचा वर्ग न पाहता मी ते लिहिलं. ती चूक माझी. आता पाहून सांगते: कागद घरी ठेवून येत जा. आणि बोलताना जीभ तपासू नका."

तो मान फिरवून फळा पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

त्याच दुपारी बाई देवस्थळींकडे गेल्या आणि त्यांनी एकतीस पत्रकं, एकतीस शेरे परत मागितले.

"का?"

"मी त्या वर्गांत नव्हते."

"प्राध्यापकांच्या सह्या आहेत, बाई. मग कोण होतं?"

"ते मला सांगता यायचं नाही. मी नव्हते, एवढं लिहून देते."

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "सात भेटी घेऊन मी समितीपुढे बसू?"

"सात खऱ्या आहेत."

पुढे व्हायचं ते झालं. समितीने कक्षावर ठपका ठेवला, बाईंना मेमो मिळाला आणि प्रमुखपद काढून घेण्यात आलं. फायली दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेल्या. बाईंना जिन्याखालची छोटी खोली मिळाली, सल्लागार हे पद तेवढं राहिलं. जयसिंगने राजीनामा फाडला.

मग बाईंनी यादी घेतली आणि त्या एकेका वर्गात जाऊन बसू लागल्या. प्रत्येकाला आधी खरं सांगायच्या: तेव्हा मी आले नव्हते, आता आले आहे. ते सोपं नव्हतं. हेमाने ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे ते कौतुकही खोटं?" तिचा वर्ग पाहिल्यावर बाईंनी सांगितलं, की मुलं ऐकतात हे खरं, पण तुम्ही त्यांना बोलूच देत नाही. हेमा त्यानंतर वर्षभर समोरून आली तरी रस्ता बदलायची.

यादीत शेवटचे संख्याशास्त्राचे दिगंबर कानिटकर होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांनी बाईंचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"की त्या तुम्ही नव्हता. माझ्या तासाला, त्याच वेळी, शेजारच्या वर्गातही तुमची भेट झाली. मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी घड्याळं जुळवून पाहिली. दोघांनीही मग तो विषय पुन्हा काढला नाही."

"अहो, मग सांगितलं का नाहीत कुणाला? सही कशी केलीत?"

दिगंबररावांनी हातावरची खडूची भुकटी झटकली.

"चांगलं बोलल्या हो माझ्याबद्दल," ते म्हणाले. "तीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं."

मुलं आत यायला लागली होती. बाई मागे जाऊन बसल्या, वही मिटून मांडीवर ठेवली, आणि दिगंबररावांनी फळ्याकडे वळून पहिली रेघ ओढली.