पत्र्याची होडी

माझी एक शिडाची नाव आहे. ऐकणारा आधी हसतोच. समुद्र कुठं, मराठवाडा कुठं, आणि वाळूजच्या कारखान्यात आयुष्य घासलेल्या माणसाला शिडाची नाव कशाला? पण पैठणच्या धरणाचं पाणी आमच्यासाठी समुद्रच, आणि खूळ ते खूळ.

नाव जुनी, फायबरची, चार माणसांची. तिच्या तळाखाली एक जड पातं आहे, त्यामुळं ती काठाला लागत नाही. शे-दोनशे फुटांवर पाण्यातच बांधून ठेवावी लागते, आणि तिच्यापर्यंत जायला दुसरी छोटी होडी लागते. त्या होडीला टेंडर म्हणतात, असं मी घरात सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "वा! आता घरातसुद्धा टेंडरं निघायला लागली का?"

ती होडी निवडायला मी तीन महिने घातले. जेवतानासुद्धा मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ. नावेवर लक्ष ठेवणारे भोईमामा जन्मभर त्याच काठावर मासे धरत आलेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, पत्र्याची घ्या. मी करून देतो. बूड सपाट, माणूस उभं राहिलं तरी हलायची नाय. रबराची नगं. हितं येड्या बाभळीचं काटं लई."

त्यांनी खरंच एक करून आणली. पिंपं कापून काढलेले पत्रे, सांध्यांना डांबर, बसायला एक फळकूट. पाण्यावर मात्र पाटासारखी बसली होती. आणि तिच्याकडं बघून मला काय सुचलं? फोटो. हिच्यात बसून फोटो कसा येणार! मी रबराची मागवली, राखाडी, निळ्या पट्ट्याची, पायपंपानं हवा भरायची. शहाणाच की नाही मी!

आता आई. ती कन्नडकडच्या डोंगरातली, विहिरीपलीकडं फारसं पाणी न पाहिलेली. आमच्या घरात कुठलंही वाहन आलं की पहिलं कुंकू तिच्या हातचं. बैलगाडीला, वडिलांच्या सायकलला, माझ्या कारला. चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. नाव आल्यापासून तिचा एकच धोशा होता. "नावंला अजून कुंकू लागलं नाय. पाण्यातलं वाहन हाय, बाळा. मला एकदा ने."

गुडघे गेलेले, हट्ट शाबूत. एकदा तिनं माझ्या रबरी होडीत पाय टाकून बघितला. तळ गादीसारखा दबला, गुडघा वळला आणि ती मटकन चिखलात बसली. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच चिडलो. "पुढच्या वेळी बघू," म्हणून आईवर खेकसलो.

पुढच्या वेळी, एका रविवारी, मी आमच्या मोठ्या साहेबांना आणि त्यांच्या मिसेसना नाव दाखवायला बोलावलं होतं. ते पुण्याहून परस्पर धरणावर येणार होते. आई सकाळीच नवी नऊवारी नेसून माझ्या गाडीत येऊन बसली. पिशवीत नारळ, ताट, कुंकवाचा करंडा. तिला उतर कसं म्हणणार? काठावर पोचल्यावर मी तिला मामांच्या झोपडीपुढं बसवलं. "पाहुणे गेले की नेतो तुला. तोवर इथून हलू नको."

"बरं," ती म्हणाली.

"आणि ती पत्र्याची जरा झुडपाआड ठेवा," मी मामांना सांगितलं. लिहिताना लाज वाटते, पण सांगितलं.

साहेब आले. रबरी होडीतून त्यांना नावेवर नेलं, चहा दिला. साहेब खूश, मी त्याहून खूश. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "अय्या, ते बघा काय येतंय!"

पत्र्याची होडी येत होती. मधोमध प्लास्टिकची खुर्ची दोरीनं करकचून बांधलेली. खुर्चीत आई, डोक्यावर पदर, मांडीवर ताट. मागं मामा वल्हं मारत होते. तिला धीर निघाला नसणार, आणि मामांनी तिच्यासाठी खुर्चीची तजवीज आधीच करून ठेवली असणार. आईचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. लहान पोरीसारखी हसत होती.

"कोण आहेत हो?" साहेबांनी विचारलं.

"असतील इथलीच कुणीतरी," मी म्हणालो.

पाण्यावरून आवाज लांब जातो, हे त्या व्हिडिओंत कुणी सांगितलं नव्हतं. वल्हं थांबलं. आईनं मामांना हातानं खूण केली आणि होडी वीसेक हातांवरून माघारी वळली.

तेव्हाही मला हाक मारता आली असती. "आई, ये," एवढंच तर म्हणायचं होतं. मी साहेबांना शिडाच्या दोऱ्यांची माहिती देत राहिलो. असला नालायकपणा मी दुसऱ्या कुणाचा बघितला असता, तर त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

परतायच्या वेळी बघतो तर रबरी होडी एका बाजूनं पार बसलेली. काटा! मामांनी सांगितलेला तोच काटा. मग मीच तोंडाभोवती हात धरून ओरडलो, "मामा, या हो! तुमची होडी घेऊन या!"

मामा आले. मॅडम आईच्या खुर्चीत बसल्या. "किती स्थिर आहे ही," साहेब मला म्हणाले, "अशीच घ्यायची ना तुम्ही!"

काठावर आई ताट घेऊन उभी होती. मॅडम उतरायला लागल्या तेव्हा तिनंच पुढं होऊन त्यांना हात दिला.

"आजी, तुम्ही इथल्याच का?" मॅडमनी प्रेमानं विचारलं.

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी काही बोलतो का, याची तिनं जरा वाट बघितली. मी खाली वाकून होडीची दोरी बांधायला लागलो.

"व्हय बाई," ती म्हणाली, "इथलीच." आणि नावेसाठी आणलेलं कुंकू तिनं मॅडमच्या कपाळाला लावलं.