बोंबलांवर घेतलेली गाडी

डहाणूच्या बंदरापासून तलासरीच्या नाक्यापर्यंत सरळ रेघ मारली, तर त्या रेघेवर माझ्या मावशीहून हट्टी बाई सापडणार नाही. रेघेच्या डावी-उजवीकडे शोधायला गेलात, तर लोक तुम्हाला हाताला धरून परत मावशीच्याच दारात आणून सोडतील. तिचा धंदा सुक्या मासळीचा. बोंबील वाळवायचे, सुकट निवडायची, पाट्या भरायच्या आणि आठवड्याचे बाजार गाठायचे. आमच्या घराण्यात नादिष्ट माणसं पूर्वीही होऊन गेली. एका काकांना भजनाचा नाद होता, एका आत्याला दुसऱ्यांची लग्नं जमवण्याचा. पण त्या नादांना पेट्रोल लागत नव्हतं. मावशीला नाद लागला तो जुन्या मोटारीचा.

बोर्डीला एका म्हाताऱ्या पारशी शेठच्या चिकूवाडीत ती महिन्यातून एकदा बोंबील द्यायला जायची. तिथे एका झाडाखाली शेठच्या वडिलांच्या वेळची गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची विलायती गाडी कितीतरी वर्षं पडून होती. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि मागच्या सीटवर बसून ती उबवायच्या. एक दिवस मावशी गेली, तर दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा आणि दोन माणसं घण घेऊन गाडीभोवती फिरताहेत. मावशीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"शेठ, हे काय चाललंय?"

"अरे बाय, ए गाडी नथी, मरघीनुं घर छे," शेठ म्हणाले.

"मग कोंबड्यांना बेघर कशाला करता? मला द्या."

दोन वर्षांचे बोंबील घरपोच फुकट, या बोलीवर सौदा झाला. शेठने तो थट्टेत केला होता, मावशीने नाही. सहा महिन्यांत शेठ बोंबलांना एवढे कंटाळले की मावशीला पाहताच हात जोडून "बस, बस" म्हणायला लागले. मावशी मात्र पुडा ओट्यावर ठेवून यायचीच. बोली म्हणजे बोली.

माझे मावसे बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री. माणूस अबोल. गाडी टेम्पोतून अंगणात उतरली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बोट बंद पडली तर निदान भरतीबरोबर कुठेतरी जाते. ही कुठेच जायची नाही." एवढं बोलून ते आपल्या कामाला लागले. पण मावशीने त्यांना सोडलं नाही. रोज एक प्रश्न, रोज एक पाना. चार वर्षांत ती इंजिन खोलायला शिकली, जोडायला शिकली आणि जोडल्यावर उरलेले नट कुठले ते आठवायलाही शिकली. तिची वस्तू पारखायची पद्धत मासळीबाजारातली. ऑइल दोन बोटांत चोळून नाकाशी न्यायची आणि "शिळं आहे" म्हणायची. टायर विकत घेताना तो अंगठ्याने असा दाबायची, की दुकानदाराला वाटे, ही आता कल्ले उघडून बघणार. आणि चौथ्या वर्षी, हँडल मारून मारून खांदे भरून आले असताना, गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. मावसे तेव्हा जेवत होते. उष्ट्या हाताने बाहेर आले, ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मावशीची स्वतःचीही कधी झाली नव्हती.

आता गाडी आली म्हणजे पाट्या गाडीतून जातील, असं कोणालाही वाटेल. मावशीने पहिल्याच दिवशी कायदा केला: गाडीत मासळी चढणार नाही. त्यामुळे अंगणात मोटार, आणि मावशी डोक्यावर पाटी घेऊन एसटीच्या थांब्यावर. कंडक्टर विचारायचा, "काय मावशी, आज गाडी कुठाय?"

"घरी आहे. तिला वास सोसत नाही."

"आणि आमच्या गाडीला सोसतो?"

"तुमची सरकारी आहे. तिला सगळंच सोसावं लागतं."

हे असं हसत-खेळत चाललं असतानाच मावशीची एकुलती एक मुलगी, रुपाली, बारावी झाली आणि तिला नाशिकच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. फीचा कागद घरी आला त्या दिवशी सगळे नातेवाईक न बोलावता जमले. मीही पालघरहून गेले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, कारण उत्तर अंगणातच उभं होतं. सुरतेचा एक शौकीन शेठ गाडीसाठी दोनदा येऊन गेला होता आणि त्याने लावलेल्या किमतीत कॉलेजची सगळी वर्षं निघाली असती. रुपाली स्वतःच म्हणाली, "आई, विकून टाक. गाडीच आहे ती."

मावशी सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"गाडी विकून शिकलीस, तर जन्मभर ती तुझ्या मानेवर बसेल. उद्या नापास झालीस तर वाटेल, आईची गाडी गेली. कंटाळलीस तरी तेच वाटेल. तसलं ओझं घेऊन कोणी शिकतं का? कॉलेजही होईल आणि गाडीही राहील. कसं ते मी बघते."

तिने बघितलं ते असं, की गाडीला कामाला लावलं. लग्नसराईत नवरदेवासाठी सजवलेली जुनी मोटार, चालवायला स्वतः मावशी, नारिंगी साडीत. बोर्डीपासून झरीपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. अटी मात्र कडक: बॉनेटवर कोणी बसायचं नाही, फुलं चिकटपट्टीने लावायची नाहीत, आणि नवरदेवाने डोक्याला तेल लावून सीटला टेकायचं नाही. झरीच्या एका लग्नात गाडी मांडवापासून हाकेच्या अंतरावर चढाला थांबली ती थांबलीच. वऱ्हाडी उतरले, बँडवाले पुढे निघून गेले. मावशीने स्टिअरिंगवरून मागे वळून नवरदेवाला सांगितलं, "उतर बाबा, ढकल. संसारात हेच करायचंय, आजपासून सवय लाव." मुंडावळ्या सांभाळत नवरदेवाने गाडी ढकलली. नवरीकडच्या लोकांना मुलगा एकदम कष्टाळू वाटला. त्यानंतर त्या गावात मावशीच्या गाडीला मागणी वाढलीच.

दोन वर्षं अशी निघाली. तिसऱ्या वर्षी भर लग्नसराईत गिअरबॉक्स गेला. नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जुना एक पुण्याच्या बाजूला सापडला, पण त्याचे पैसे आणि रुपालीची फी एकाच आठवड्यात उभी राहिली. मी फोन केला तर मावशी म्हणाली, "फी भरली गो बाय. गाडी विटांवर ठेवलीय." आवाजात कसलाही फरक नव्हता. पण मावशांनी मागाहून मला सांगितलं, की त्या दिवशी ती गाडीत जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सुरतेचा शेठ परत आला. बंद गाडीचेही चांगले पैसे द्यायला तयार होता. मावशीने त्याला चहा दिला, गाडीतला प्रत्येक दोष बोट लावून दाखवला आणि शेवटी सांगितलं, "एवढं सगळं तुम्हाला नीट करता येईल का? मला येतं." शेठ चहा पिऊन गेला. त्यानंतर मावशी आठवड्याला दोन बाजार जास्त करू लागली. तलासरी, उधवा, जिथे बस जाईल तिथे. उन्हाने काळी पडली, पण रुपालीची एकही फी चुकली नाही. रोज सकाळी पाटी उचलण्याआधी ती विटांवरची गाडी ओल्या फडक्याने पुसायची. रुपालीची शेवटच्या वर्षाची फी भरून झाली, तेव्हाच तिने पुण्याचा गिअरबॉक्स मागवला. मावशांनी तो दोन दिवस खपून बसवला.

रुपालीला नाशिकलाच एका दवाखान्यात नोकरी लागली. तिकडेच खोली घेतली, तिकडेच रमली. गेल्या महिन्यात मी डहाणूला गेले तेव्हा मावशीने मला गाडीत बसवलं आणि समुद्राकाठच्या रस्त्याने बोर्डीपर्यंत नेलं. सुरूच्या झाडांतून ऊन येत होतं. एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन तिने इंजिन बंद केलं आणि काचेतून समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाली,

"सगळे सांगत होते, विक म्हणून. विकली असती, तर आता दोघी गेल्या असत्या की गो."

मग तिने पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.