एका विहिरीला हिस्सेदार किती?

पोरी, हे लिहिताना तू जवळ बसलीयस असंच धरते, म्हणजे कान धरता येईल. 'येते मावशी' म्हणतेस, आणि फैजपूरला फिरकत नाहीस!

इथे शेतकरी गटाच्या ऑफिसात एक बाई आहे. फोनवर बघून बघून डेटाबेस, म्हणजे संगणकात कुणाचं कुणाशी नातं कसं मांडायचं ते, शिकते आणि आमच्यावरच लावून बघते. चहा देता देता विचारते, "अक्का, एका सासूला सुना किती? एका सुनेला सासू किती?"

"एकच, पण पुरते!" मी म्हटलं. ती हसली नाही. बोटाने टेबलावर दोन चौकोन काढून मध्ये रेघ ओढली.

वैशाखात तिने सामाईक विहिरींच्या पाण्याच्या पाळ्या संगणकावर घेतल्या. एका विहिरीपुढे एक मालक. आमच्या विहिरीपुढे दिराचं नाव. पाळीचा मेसेज त्यालाच गेला, आणि तो लग्नाला भडगावला! पाळी हुकली, माझ्या केळीने माना टाकल्या.

मी तणतणत गेले. "विहीर दोघांची आहे, बाई!"

"तुमचा हिस्सा आणखी कुठे?"

"बांधापलीकडच्या विहिरीत."

तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे विहिरीला माणसं अनेक आणि माणसाला विहिरी अनेक! नुसत्या हिश्शांचा वेगळा तक्ता हवा, अक्का. चुकलंच माझं."

आधी फोन करून तिने माझं पाणी सुरू करवलं. मग केलेलं सगळं माझ्यासमोर पुसलं आणि गुणगुणत पुन्हा मांडायला बसली.

आता मेसेज मलाही येतो. केळीने नवं पान काढलंय.

परवा विचारत होती, "एका मावशीला भाच्या किती?"

"चार."

"आणि येणाऱ्या?"

लवकर ये गं, उत्तर द्यायचं राहिलंय.