गिअरबॉक्सची घरघर आणि जोह्याचा गणपती

देव हाकेला धावतो, यावरचा माझा विश्वास त्या भाद्रपदात उडाला. रोह्याला घरी बाबा शेवटच्या घटका मोजत होते आणि त्यांची एकच इच्छा होती, यंदाच्या गणपतीचं तोंड पाहायचं. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पेणजवळच्या जोह्याच्या गणपती कारखान्यातून मूर्ती घेऊन एकटाच निघालो.

मूर्ती निघाली की घर येईपर्यंत वाटेत थांबायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पेण सुटलं आणि गाडी कण्हू लागली. ऑटोमॅटिक गाडी, गिअर आपले आपण बदलतात, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं, असं माझं शहाणपण. मी थांबलो नाही, भजनाचा आवाज वाढवला. मग गिअर बदलताना हिसके बसू लागले. नागोठण्यापुढे इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, गाडी हलेना. खाली तांबडं तेल ठिबकत होतं. गिअरबॉक्सचं तेल कमी झालं की तो आधी कण्हतो, मग हिसके देतो, तेव्हाच थांबायचं असतं, हे मेकॅनिकने मला नंतर सांगितलं. बाबांच्या छातीतली घरघरही मी आठवडाभर, डॉक्टरांना न दाखवता, अशीच जपाखाली दाबत होतो.

मूर्ती मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलो आणि देवाला मनात नाही नाही ते बोललो. तेवढ्यात रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस थांबली. शिफ्टला निघालेल्या एका कामगाराने मला शेजारी जागा दिली. रोहा यायच्या आधीच बायकोचा फोन आला. बाबा गेले होते. घराला सुतक लागलं, आता ही मूर्ती माझ्या उंबऱ्याच्या आत जाणार नव्हती. शेजारच्या कामगाराला मी कसंबसं सगळं सांगितलं.

"दादा, गणपती माझ्याकडं द्या," तो म्हणाला. "अजून प्राणप्रतिष्ठा नाय झाली, दोष नाय. आमच्या गणपतीच्या बाजूला बसवतो." माझा नंबर घेऊन, शिफ्ट सोडून तो मूर्तीसह आपल्या गावाच्या फाट्यावर उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "फोन काकींना द्या. देवाला गाऱ्हाणं घालतोय." मी फोन आईच्या कानाशी धरला. अंत्यविधीपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"बा गणराया, ज्या घरी तू निघाला होतास, तिथला माणूसच तुझ्याकडं आलाय. त्याला पायाशी घे."

"व्हय महाराजा," आईने गाऱ्हाण्याला होकार दिला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

मी मागितलं होतं ते मिळालं नाही. बाबांना दर्शन घडलं नाही, ते दुःख आजही तसंच आहे. त्या माणसाचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. त्या दुपारी आईच्या मागोमाग मीही "व्हय महाराजा" म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं नाही.