बैल पास, मी नापास

२०२३ साल. मला अडुसष्टावं लागलेलं. शाळा तिसरीपर्यंत, पुढं मास्तरच कंटाळले. जन्म बैलांच्या दलालीत गेला.

आमच्या दिंडोरीकडं द्राक्षबागांत ट्रॅक्टर फिरतात, बैलांना कोणी विचारत नाही. मला तर त्याच्याही आधीपासून विचारत नव्हते. तरी एक जोडी मी हट्टानं ठेवली होती. मुलगा ओझरला कारखान्यात. एक दिवस म्हणाला, "आबा, चारा परवडत नाय. पोळ्याच्या आत यांना काम बघा, नायतर बाजारात काढतो." बाजारातनं म्हातारा बैल कुठं जातो ते मला चांगलं ठाऊक.

तेवढ्यात वाइनरीवाल्यांचा निरोप गावात फिरला. पाहुण्यांना बागेत हिंडवायला जोडीसकट गाडीवान पाहिजे. गेलो. बैल बाहेर बांधले, मी एसीत बसलो. मॅनेजर शहरी, माझ्या मुलाच्या वयाचा.

"काका, अनुभव?"

"त्यांना हाय. मी नुसता मागं बसतो."

"पाहुणे सेल्फी काढतील. तुम्हाला हसावं लागेल."

"बैल हसत्यात का?"

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मग पगार काय अपेक्षित, म्हणून विचारलं. शेजारी आणखी एक उमेदवार बसलेला, मिशी पिळून. चारचौघांत भाव तोंडानं सांगणं आमच्या धंद्यात बेशरमपणा; आकडा कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, मॅनेजरच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं दाबली. त्यानं विंचू चावल्यासारखा हात ओढला.

"काका, तोंडानं सांगा ना."

"तोंडानं भाजीवाले सांगत्यात."

संध्याकाळी फोन आला. "काका, जोडी आम्हाला पसंत आहे. पण गाडीवान दुसरे घेतलेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे तिघं इंटरव्ह्यूला गेलो, दोघं पास झाले. आणि ते दोघं गेटाबाहेर शेण टाकत उभे होते.

पाच-सहा शिव्या ओठावर आल्या. पण शिवी दिली असती तर बैल बाजारात गेले असते. "बरं," म्हणालो. एवढा एक शब्द काढायला बैल विकण्याहून जास्त ताकद लागली. मग म्हणालो, "मला नाय घेतलं, तुमची मर्जी. बैलांचं भाडं मात्र उपरण्याखालीच ठरंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी धुतली, शिंगं रंगवली, चालवत घेऊन गेलो. मॅनेजरनं इकडं तिकडं बघितलं आणि गुपचूप हात पुढं केला. त्यानं दाबलं, मी दाबलं. शेवटी चारा त्यांचा आणि वर महिन्याचं भाडं, असं ठरलं. किती ते त्याला माहीत, मला माहीत, उपरण्याला माहीत.

कासरा मिशीवाल्याच्या हातात दिला. मग खिडकीवर जाऊन पाहुण्यांचं तिकीट काढलं, गाडीत मागं ऐसपैस बसलो आणि मिशीवाल्याला म्हणालो, "सावकाश हाक रे. गिऱ्हाईक बसलंय. आणि जरा हस."